आखाजीला जेवलेले वसुली अधिकारी

माझे यजमान गेले, त्यानंतर बँकेला ते कळवायला मी स्वतः गेले. कुणी सांगितलं नव्हतं. मी जळगावातल्या एका शाळेत ग्रंथपाल आहे, आणि वाचक गेला की आधी त्याचं कार्ड रद्द करायचं ही सवय हाताला लागलेली. गंधमुक्तीचा, म्हणजे सुतक फिटल्याचा, कार्यक्रम आटोपला, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि मी मृत्यूचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून बँकेत दिला. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही हातांनी तो घेतला. म्हणाली, लोक इतक्या वेळेवर कळवत नाहीत. मला बरं वाटलं. त्या दिवसांत कुणी चांगलं म्हटलं की बरं वाटायचं.

बँकेने नियमाप्रमाणे त्यांचं खातं गोठवलं. आमच्या घराच्या कर्जाचा हप्ता त्याच खात्यातून जायचा. तो नियमाप्रमाणे परत फिरला. पुढच्या महिन्यातलाही फिरला. कुणीही चूक केली नव्हती. सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं, आणि त्यातून घर हळूहळू हातातून जाऊ लागलं.

घर पिंप्राळ्यात आहे. पुढे ओटा, मागे मोरी, मध्ये दोन खोल्या, आणि एक जिना जो कधीतरी वरचा मजला होईल म्हणून बांधला आणि आता गच्चीवर पापड वाळवायला उपयोगी पडतो. यजमान धुळ्याजवळच्या एका सूतगिरणीत होते, शनिवारी घरी यायचे. म्हणून कर्ज धुळ्याच्या शाखेचं, घर जळगावचं. सह-कर्जदार म्हणून माझी सही होती. जळगावच्या शाखेने मला सांगितलं, कर्ज धुळ्याचं आहे, धुळ्याला जा. धुळ्याच्या शाखेने सांगितलं, कर्जदार वारलेत, घर जळगावला आहे, आधी जळगावहून अहवाल येऊ द्या. मी पारोळ्यावरून जाणाऱ्या एसटीने जात-येत राहिले. त्या प्रवासांत माझं पुष्कळ वाचन झालं. बसमध्ये शेजारच्या बाईला मी विधवा झाल्याचं माहीत नसतं. त्यामुळे ती खिडकी लावू का, एवढंच विचारते.

यजमानांचा मोबाइल मी चार्ज करून ठेवत असे. बँकेचे फोन त्यावरच यायचे.

"सरांशी बोलायचं होतं," पलीकडची मुलगी म्हणायची.

"ते वारले."

"ओके मॅडम. मग कधी फोन केला तर भेटतील?"

पहिल्यांदा मी फोन ठेवून दिला. नंतर नंतर मी शांतपणे समजावून सांगू लागले. एकीने विचारलं की त्यांचा नवीन नंबर आहे का. एकीने, मला वाटतं ती नवीनच लागली असावी, विचारलं की ते नाराज होऊन गेलेत का. मी म्हटलं, नाही, तसे ते शांतच होते. तिने ते कुठेतरी नोंदवलं असणार, कारण पुढच्या फोनवर मला सांगण्यात आलं की ग्राहकाने सहकार्याची तयारी दाखवलेली आहे.

पैसे नेमके कुणाच्या टेबलावर भरायचे हे कळेपर्यंत बरेच हप्ते साचले होते. माझ्या पगारात दर महिन्याचा हप्ता बसत होता. साचलेला ढीग एकदम भरणं बसत नव्हतं, आणि बँकेला ढीगच हवा होता. कर्ज थकीत ठरलं. मग नोटीस आली: दिलेल्या मुदतीत सगळी रक्कम भरा, नाहीतर बँक घराचा ताबा घेईल आणि लिलाव करील. नोटिशीत पहिलं नाव त्यांचं होतं, दुसरं माझं. बऱ्याच दिवसांनी आमची नावं कुठेतरी शेजारी शेजारी छापलेली मी पाहिली.

धुळ्याला ज्यांच्याकडे आमची फाइल होती ते वसुली अधिकारी तरुण होते. बोलताना टेबलावरची टाचणी इकडची तिकडे करायचे. मी दर खेपेला तेच सांगायची: मी दरमहा भरते, मागचं थोडं थोडं पुढच्या वर्षांत विभागून द्या. ते दर खेपेला म्हणायचे, "वर विचारतो, मॅडम." गेल्या पावसाळ्यापासून मला जो तो वरच बोट दाखवत होता, त्यामुळे मी फारशी अपेक्षाही ठेवत नसे.

आता अक्कांबद्दल सांगायला हवं. अक्का म्हणजे माझी मोठी नणंद, शिंदखेड्याकडच्या गावात दिलेली. यजमान त्यांच्याहून बरेच लहान. अक्कांनी त्यांना कडेवर घेऊन वाढवलेलं, आणि ते साठीला आल्यावरही कडेवरच आहेत अशा सुरात त्या त्यांच्याशी बोलायच्या. हप्त्यांचं अक्कांना मी सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नाही. सांगायला जागा मिळेल इतक्या त्या कधी गप्पच बसल्या नाहीत.

अक्कांच्या मनात एक सल होती. दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. नैवेद्य मांडून माणसं मागे सरकतायत तोवर तो येऊन बसला आणि भात उचलून गेला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. अक्कांना मात्र ते लागलं. माणूस मागे काही इच्छा ठेवून गेला तर कावळा थांबतो, मग नातेवाईक पुढे होऊन वचनं देतात, अमुक करू, तमुक सांभाळू, आणि मग तो शिवतो. अक्का वचनांची तयारी करून आल्या होत्या. एकही देता आलं नाही. परतताना रिक्षात त्या मला म्हणाल्या होत्या की भाऊने आपल्याकडे काहीच मागितलं नाही, परक्यासारखा निघून गेला.

म्हणून आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्या दोन दिवस आधीच नानांना घेऊन माझ्याकडे आल्या. नाना म्हणजे त्यांचे यजमान. ते तंबाखू मळतात आणि अक्का सांगतील तिथे बसतात. माणूस गेल्यानंतरची पहिली आखाजी आमच्याकडे मोठी असते. त्याच्या नावाची घागर भरायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं, विस्तवावर घास टाकून आगारी द्यायची. सकाळी उंबरठा धुऊन, घरातल्या गेलेल्या एकेकाचं नाव घेत कुंकवाचं एकेक बोट त्यावर ओढायचं. आणि अक्कांच्या माहेरच्या रीतीप्रमाणे पितर म्हणून एका माणसाला जेवू घालायचं. तो उंबरठ्याच्या आत आला की गेलेला माणूसच आला असं धरायचं. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं. जेवण होईपर्यंत त्याला त्याच्या नावाने हाक मारायची नाही, त्याच्याशी व्यवहाराचं बोलायचं नाही. आणि निघाला की त्याने मागे वळून पाहायचं नाही.

पितर म्हणून पाचोऱ्याहून एक लांबचे नातेवाईक येणार होते. त्यांना अक्कांनीही कधी पाहिलेलं नव्हतं. निरोप एवढाच होता की दुपारच्या गाडीने उतरतील, डोक्याला पांढरा रुमाल असेल, आणि यजमानांचं नाव विचारत येतील.

दुपारी ऊन असं होतं की ओट्यावरची फरशी पायाला चिकटत होती. मी आत आमरसात वेलदोडे घालत होते. ओट्यावरून आवाज आला. कुणीतरी यजमानांचं पूर्ण नाव घेऊन विचारत होतं, त्यांचं घर हेच ना.

"हाईच शे," अक्का म्हणाल्या. "तुनीच वाट देखी ऱ्हायनूत, भाऊ. ये."

"मी जरा कामासाठी आलो होतो..."

"पहिले पाय धुई ले. मंग बोल."

त्यानंतर तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज आला, नानांचं खाकरणं आलं, आणि मग पाट सरकवल्याचा आवाज. मी ताट घेऊन बाहेर आले. पाटावर धुळ्याचे वसुली अधिकारी बसले होते. उन्हासाठी डोक्याला गुंडाळलेला पांढरा रुमाल तसाच होता, कपाळावर गंध होतं, पँट पोटरीपर्यंत वर केलेली आणि पाय ओले होते. त्यांची खाकी कापडी पिशवी ओट्याच्या कट्ट्यावर राहिली होती. तिच्यातून कागदाची गुंडाळी आणि खळीच्या डब्याचं झाकण दिसत होतं.

ताब्याची नोटीस दारावर चिकटवायला ते आले होते. मुदत संपली होती हे मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. ते माझ्याकडे पाहत होते आणि मी ताटाकडे. ते धुळ्याचेच, घरी त्यांचीही आखाजी असणार. पितराच्या पाटावर बसवलेला माणूस उठत नाही हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. पण त्यांनी प्रयत्न केला. म्हणाले, "आजी, मी तो नाही."

"पितर बोलस नही," अक्का म्हणाल्या. "जेवस."

मी पुरणपोळी वाढली. वर तूप, बाजूला रस, सार, भजी, कुरडई. अक्कांनी आगारी दिली, हात जोडले. अधिकाऱ्यांनी पोळीचा तुकडा रसात बुडवला, तोंडापर्यंत नेला, आणि थांबले. मला वाटतं ते इतकाच विचार करत होते की हे जेवल्यावर दारावर नोटीस कशी लावायची. पण अक्कांनी तो थांबलेला हात पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. दहाव्याला जे मिळालं नव्हतं ते समोर होतं.

त्या पदर सावरून पुढे झाल्या. म्हणाल्या की आपल्या नातीचं लग्न दिवाळीनंतर नक्की करू. हात हलला नाही. वाटणीच्या वेळी आमच्याकडचा तांब्याचा हंडा त्यांनी नेला होता, तो परत करू म्हणाल्या. मला त्या हंड्याचं काही आठवतही नव्हतं. हात तसाच. मग त्यांनी नानांकडे पाहिलं. नानांना ते कळलं, पण त्यांनी कळलं नाही असं दाखवून पाहिलं. शेवटी खिशातून चंची काढून त्यांनी पितरापुढे ठेवली आणि तंबाखू सोडली म्हणाले. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

रस अधिकाऱ्यांच्या मनगटावरून कोपराकडे ओघळत होता. त्यांनी पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले असते तर बरं झालं असतं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मग ते खालच्या आवाजात, ऑफिसात बोलावं तसं म्हणाले, "घराचे हप्ते थकलेत."

अक्का मागे टेकल्या. छातीवर हात ठेवला.

"दखा," त्या नानांना म्हणाल्या. "मरीसन बी भाऊले घरनीच काळजी." आणि माझ्याकडे वळून, "माय, हाई खरं शे का?"

मी मान हलवली.

"बठ्ठं भरसुत, भाऊ," अक्कांनी सगळं भरायचं वचन दिलं. "आते जेव."

ते जेवले. आधी संकोचाने, मग भूक लागलेल्या माणसासारखे. धुळ्याहून मोटरसायकलवर आले होते. कुरडई त्यांनी दोनदा मागून घेतली. यजमान कुरडईला हात लावत नसत. अक्कांनी ते पाहिलं आणि मेल्यावर माणसाची आवड सुधारते असं काहीसं नानांना सांगितलं. नानांचं लक्ष चंचीकडे होतं. हात धुतल्यावर अक्कांनी अधिकाऱ्यांना टोपी आणि टॉवेल दिला, उंबरठ्यापर्यंत सोडलं, आणि बजावलं की मागे वळायचं नाही. ते टोपी घालून, टॉवेल खांद्यावर घेऊन, उन्हात सरळ चालत गेले. मोटरसायकल लिंबाखाली, कोपऱ्यावर होती.

थोड्याच वेळाने यजमानांचा मोबाइल वाजला.

"मॅडम, माझी पिशवी ओट्यावर राहिली."

"या ना, घेऊन जा."

"मागे वळायचं नाही म्हणाल्यात आजी."

मी पिशवी उचलली. जड होती, डबा भरलेला होता. आपल्याच दारावर लावायची नोटीस मी कोपऱ्यापर्यंत पोहोचवायला निघाले आहे, हे निम्म्या रस्त्यात लक्षात आलं. पण परत फिरून काय करणार होते? त्यांची वस्तू होती. वाटेत समोरच्या बाईंनी विचारलं, एवढ्या उन्हात कुठे. मी म्हटलं, पाहुण्यांचं सामान राहिलं.

ते घराकडे पाठ करून, मोटरसायकलला टेकून उभे होते. पिशवी घेतली, गुंडाळी थोडी बाहेर ओढून पाहिली, पुन्हा आत सारली.

"दारावर चिकटवून फोटो काढून पाठवायचा असतो," ते म्हणाले.

"मग काढा. अक्कांना मी सांगते काहीतरी."

ते बराच वेळ टॉवेलची घडी करत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, आत्ता तिथे मी घरधनी म्हणून जेवलो. माझ्याच घरावर मी नोटीस कशी लावू?"

मला हसू यायला हवं होतं. मी हातगाडीवरच्या कलिंगडांकडे पाहत राहिले. नंतर ते जे बोलले ते मात्र शुद्ध बँकेचं होतं. दार बंद होतं असं त्यांना लिहिता येणार नव्हतं. 'सह-कर्जदार भेटल्या, भरण्यास तयार आहेत' असं लिहिता येईल. पण त्याला आधार म्हणून माझ्याकडून काही रक्कम लवकर जमा व्हायला हवी, आणि उरलेली थकबाकी वाढीव मुदतीत विभागून मिळावी, कर्ज माझ्या नावावर चालू राहावं, असा लेखी अर्ज हवा. तोंडी विचारलेलं वर जात नाही, ते म्हणाले. लेखी आलेल्याला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ते येईपर्यंत ते स्वतः तरी खळीचा डबा उघडणार नाहीत. इतक्या खेपांत हे एकदाही का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

"तुम्ही विचारलं नाहीत," ते म्हणाले. मग ओशाळून, "आणि मी तुमच्याकडे जेवलो नव्हतो."

मी घरी परतले तेव्हा ओट्यावर पांढरा रुमाल बांधलेले एक म्हातारे बसले होते. पाचोऱ्याची गाडी उशिरा आली होती. अक्कांना काय घडलं ते मला सांगावंच लागलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर थोडा वेळ गप्प बसल्या. एका माणसाचे दोन पितर जेवू घालता येत नाहीत. पाहुण्याला उपाशी घालवताही येत नाही. शेवटी त्यांनी तोडगा काढला: पितराच्या पाटावर बँकवाला जेवला, मग बँकेच्या वाट्याचं जेवण हे जेवतील. म्हाताऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. तिसऱ्यांदा रस मागताना ते म्हणाले, "बँकनं पोट मोठं ऱ्हास. वाढ, माय."

फसगत झाली म्हणून वचन मागे घ्यावं असं नानांनी सुचवून पाहिलं. त्यांचा रोख तंबाखूवर होता. अक्का म्हणाल्या की पाय धुतले ते धुतले. त्यांच्या घरी पुढच्या खोलीत कापूस भरून ठेवलेला होता. भाव चढेल म्हणून नाना दिवाळीपासून थांबले होते, आणि तोवर घरातली माणसं ओसरीत झोपत होती. तो कापूस विकला गेला. नाना मला एवढंच म्हणाले की खोली आतून किती मोठी आहे हे ते विसरूनच गेले होते.

पैसे घेऊन आम्ही धुळ्याला गेलो. अर्ज मी तीनदा लिहून काढला होता. अक्कांनी काउंटरवर पैसे द्यायला नकार दिला. त्या सरळ आत, त्या टेबलापाशी गेल्या.

"भाऊ," त्या त्यांचा वाळलेला चेहरा निरखत म्हणाल्या, "उतरी गयास रे. जेवस का नही?"

अधिकारी उभे राहिले. आजूबाजूची माणसं बघायला लागली. काचेच्या खोलीतून शाखाप्रमुख बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, या कोण.

अधिकारी थोडक्यात सांगू शकले असते. कर्जदाराचे नातेवाईक, म्हणता आलं असतं. ते म्हणाले, "माझी बहीण आहे, सर."

शाखाप्रमुखांनी अक्कांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, फाइल चाळली. मग म्हणाले की नातेवाइकांची फाइल त्याच अधिकाऱ्याकडे ठेवता येत नाही, असा नियम आहे. तिथल्या तिथे आमची फाइल शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे गेली. त्या बाईंना टाचणीशी खेळायची सवय नव्हती. त्यांनी पैशांची पावती दिली, अर्जावर शिक्का मारला, दोन कागद कमी आहेत म्हणाल्या आणि कोणते ते सांगितलं. पावसाळ्याच्या तोंडावर मंजुरी आली. कर्ज माझ्या नावावर चालू राहिलं, मागची थकबाकी पुढच्या वर्षांत विभागली गेली, आणि हप्ता माझ्या पगारातून जाऊ लागला. मुदत इतकी लांबली आहे की निवृत्तीनंतरही काही काळ मी बँकेची राहीन.

मंजुरीआधी जळगावच्या शाखेचा एक माणूस घराची पाहणी करायला आला होता. हाच तो अहवाल, ज्याची धुळ्याची शाखा इतके महिने वाट पाहत होती. त्याने भिंती ठोकून पाहिल्या, जिना पाहिला, वर मजला का नाही विचारलं. जाताना तो उंबरठ्याशी वाकला आणि हे काय म्हणून विचारलं. मी सांगणार होते, पण तो लिहू लागला होता. अहवालाची प्रत मला मिळाली. तीत लिहिलं आहे: बांधकाम चांगल्या स्थितीत, वापर राहण्यासाठी, प्रवेशद्वाराच्या चौकटीवर खालच्या बाजूस लाल डाग.

ते डाग मी अजून पुसलेले नाहीत. डावीकडून सासूबाई, सासरे, एक लहानपणी गेलेला दीर. शेवटचा, थोडा जाड, अक्कांनी बोटावर कुंकू जास्त घेतलं म्हणून खाली ओघळलेला, तो यांचा.